नवीन घडीचा चाकू थोडा हलतो आणि पातं मधोमध बसत नाही. परत करावा की चालवून घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: अंबडकडे मोसंबीची बाग आहे, हजार-बाराशेचा खटक्याचा, म्हणजे उघडलेलं पातं लॉकनं अडवून धरणारा, चाकू ऑनलाइन मागवला. मिटल्यावर पातं एका बाजूला झुकलेलं दिसतं, उघडल्यावर जरा हलतं आणि क्लिपजवळ एक ओरखडा आहे. या किमतीत एवढं चालायचंच, की परत करायचा?

ओरखडा सोडून द्या. झुकलेलं पातं बघून ठरवू. हलण्याची तपासणी मात्र आजच करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. चाकू आमच्याकडे बनत नाहीत, पण दोष मोजायची पद्धत सगळीकडे एकच: क्रिटिकल, मेजर आणि मायनर. ज्यानं माणसाला इजा होईल तो क्रिटिकल. ज्यानं वस्तू तिचं काम करणार नाही तो मेजर. नुसता डोळ्याला खुपतो तो मायनर. कमी पैसे मोजले तर मायनर दोष जास्त पदरात पडणार, हे मला मान्य आहे. क्रिटिकल दोषाला किमतीची सवलत नाही. पाचशेचा चाकू असो की वीस हजाराचा, खटका लागला म्हणजे तो सुटता कामा नये.

आता हलण्याचं. चाकू उघडा, मूठ एका हातात घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून आधी डावी-उजवीकडे हलवून बघा. या दिशेला हलत असेल तर बहुतेक वेळा पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा, स्क्रू ढिला असतो. टी-6 किंवा टी-8 टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट घ्या, थोडं थोडं फिरवत आवळा आणि दर वेळी पातं मोकळं फिरतंय का बघा. बऱ्याच चाकूंचं दुखणं तिथंच संपतं. पण काही कंपन्या स्क्रू खोलला की वॉरंटी नाकारतात, म्हणून आवळण्याआधी कार्डावरच्या अटी वाचा.

मग त्याच पकडीत पातं धारेच्या दिशेनं, म्हणजे वर-खाली, हलवून बघा. इथं जरासुद्धा टकटक जाणवली तर खटका पात्याच्या बुडाशी, म्हणजे मुठीतल्या टोकाशी, नीट बसलेला नाही. हा दोष स्क्रू आवळून जात नाही. असा चाकू परत करा.

तुमच्या वर्णनावरून तो लायनर लॉक वाटतो: आतली पातळ पट्टी बाजूनं सरकून पात्याच्या बुडामागे टेकते. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980 च्या सुमारास ही रचना आजच्या रूपात आणली. स्वस्तात बनते म्हणून आज ती सगळीकडे दिसते, पण ती कोनावर जगते. पट्टी जिथं टेकते ते बूड थोडं तिरकं घासलेलं असतं. तो तिरकेपणा चुकला की पट्टी एकतर मागं घसरते, नाहीतर अशी चिकटते की अंगठ्यानं सुटत नाही. नव्या चाकूत पट्टीच्या जाडीचा साधारण पाव ते अर्धा भाग बुडामागे आलेला हवा. नुसती कडेला अडकली असेल तर दाबानं सुटू शकते. पहिल्याच दिवशी पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झीज भरून काढायला जागाच उरली नाही.

आमच्या टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग खरंच भिडतात का हे पाहायला ब्लू मॅचिंग करतात, म्हणजे निळा रंग लावून तो कुठं घासला जातो ते बघतात. तुम्ही साधा मार्कर वापरा. बुडाच्या त्या तिरक्या भागावर शाई लावा, वाळू द्या, चाकू दहा-बारा वेळा उघडा-मिटा आणि उजेडात धरा. शाई जिथं घासली गेली तिथंच पट्टी टेकते. नीट रुंदीचा डाग दिसला तर बरं, एका कोपऱ्यात टिंब दिसलं तर वाईट. शेवटी पात्याची पाठ लाकडावर टेकवून हळूहळू भार द्या. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. पाठ आपटून बघायचे व्हिडिओ फिरतात, तसं करू नका. त्यानं चांगला खटकाही बिघडतो.

मिटलेला चाकू टोक खाली करून हलकासा झटका. आपोआप उघडला तर तोही क्रिटिकल दोष, कारण तो खिशात राहणार आहे.

झुकलेलं पातं मला फारसं खुपत नाही. गणित बघा: पिव्हटचा वॉशर 10 मि.मी. व्यासाचा धरा आणि तिथं 0.05 मि.मी. तिरकेपणा धरा. 85 मि.मी. लांबच्या टोकाशी तोच 0.4 मि.मी. पेक्षा जास्त होतो. एवढासा फरक स्वस्त चाकूत राहतोच. पातं आतल्या पट्टीला घासत असेल, धारेवर किंवा पट्टीवर रेघ उमटत असेल, तर तो मेजर दोष. घासत नसेल तर वापरा.

कंपनीनं हे आधी का पकडलं नाही, हा राग रास्त आहे. पण प्रत्येक नग बारकाईनं तपासून स्वस्त माल निघत नाही. सॅम्पलिंगच्या नेहमीच्या तक्त्यात, म्हणजे आयएसओ 2859-1 मध्ये, सर्वसाधारण पातळीला 2,000 नगांच्या लॉटमधून 125 नग काढतात. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची टक्केवारीतली मर्यादा, 2.5 धरला तर त्यात 7 सदोष निघाले तरी लॉट पास. म्हणजे पास झालेल्या लॉटमध्येही सदोष नग असतात आणि त्यातला एखादा कुणाच्या तरी दारात पोचतोच. त्यामुळे स्वस्त चाकू विकणाऱ्याकडून मला सगळ्यात आधी बिनतक्रार बदलून देणं हवं असतं. ते देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर जपून ठेवा.

पोलादाचं नाव बघून भुलू नका. पात्यावर डी2 कोरलेलं असलं तरी त्याला पाणी कसं दिलं हे त्यावरून कळत नाही. कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल चाचणीचा खड्डा उमटतो, म्हणून कारखाना ती दर पात्यावर करत नाही, बॅचमधले नमुने घेतो. घरी तुम्हाला कळणार ते वापरातूनच: ठिबकच्या नळ्या आणि सुतळी कापताना धार लवकर मुडपली तर पातं मऊ आहे, कपच्या उडाल्या तर जास्त कडक किंवा धार फार बारीक. तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट: डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असलं तरी ते पूर्ण स्टेनलेस नाही. मोसंबीचा रस लागून तसाच राहिला तर डाग पडतात. बागेत 8सीआर13एमओव्ही किंवा 14सी28एन हे स्टेनलेस पोलाद जास्त सुखाचं.

लाकडी मुठीचा ओपिनेल कधी घेतलात तर त्याचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि पातं जड उघडतं. तो दोष धरू नका, कोरड्या हवेत मोकळं होतं.

आणि सल (झाडावरच्या वाळक्या फांद्या) काढायला हा चाकू वापरू नका, खटका कितीही चांगला असला तरी. वाळलेल्या फांदीवर पातं पिळलं की सगळा भार पिव्हटवर येतो आणि आज घट्ट बसणारा चाकू हंगामाच्या शेवटी खुळखुळा होतो. त्याला कात्री आणि करवतच लागते.