आडव्या बाटलीच्या मुलखातून गेलेल्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या इंग्लंडमधल्या गावातला एकुलता एक पब पावणेदोन वर्षं बंद, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मालक तिथे घरं बांधणार अशी कुणकुण, आणि गावानं मिळून तो विकत घ्यावा म्हणून चर्चच्या हॉलमधल्या बैठकीत नेमलेल्या समितीत तुझं नाव घातलं गेलं. पैसे कसे उभे राहतील हे तू सविस्तर विचारलंस. खरा प्रश्न मात्र सहीच्या खाली लिहिलास : ‘काका, आई विचारते, इतक्या लांब जाऊन दारूचं दुकान वाचवायला निघालीस का?’

आधी त्याचंच बोलतो. उद्या शेजाऱ्याच्या दारात उभी राहून तू शेअर घ्या म्हणशील, तेव्हा हा काटा मनात असेल तर तुझा शब्द अडखळेल.

आईचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे बायकांनी उन्हातान्हात रांगा लावून, आडव्या बाटलीसमोर शिक्का मारून गावातली दुकानं बंद पाडली आहेत. आठवड्याची मजुरी ज्या खिडकीत जाते ती खिडकी बंद झालीच पाहिजे, असं मलाही वाटतं. इंग्लंडच्या खेड्यातला पब म्हणजे ते दुकान नव्हे. तो आपल्या पाराच्या जवळचा आहे. अंत्यविधीनंतरचा चहा तिथे होतो, डार्ट्सचे सामने तिथे होतात, गवत कापायला माणूस कोण देईल हे तिथे कळतं. एकटा राहणारा म्हातारा दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचं दार वाजवतं. तरीही आईपासून काही लपवू नकोस. बिअर विकली जाणार आहे आणि गल्ल्यातला मोठा वाटा तिचाच असणार आहे. दारू इथेही घरं मोडते. म्हणून तर ती जागा कुणाच्या ताब्यात आहे, याला महत्त्व.

ब्रायटनच्या कडेला बेव्हनडीन नावाची वस्ती आहे. तिथला पब इतका बदनाम झाला की 2010 मध्ये पोलिसांनीच तो बंद करवला. पुन्हा उघडण्यासाठी पुढे सरसावले ते आसपासचे रहिवासी. त्यांनी शेअर विकले, स्वतःच्या हातांनी डागडुजी केली आणि डिसेंबर 2014 मध्ये ‘द बेव्ही’ या नावानं तो पुन्हा उघडला. आता तिथे वयस्कर मंडळी जेवायला जमतात. इमारत तीच आणि वस्तीही तीच. बदलले ते मालक. ही गोष्ट आईला जरूर सांग, तिला ती कळेल.

आणि तू हडस्वेलला जाऊन ये. उत्तर यॉर्कशायरमध्ये रिचमंडजवळ, टेकडीवरचं लहानसं गाव. तिथला ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ 2008 मध्ये बंद पडला. गावकऱ्यांनी संस्था काढली, भांडवल जमवलं, पब विकत घेतला आणि 2010 मध्ये उघडला. आम्ही आमच्या गावचा पब असाच विकत घ्यायच्या खटाटोपात होतो तेव्हा तिघं जण तिथे जाऊन दिवसभर बसलो होतो. मला जे शिकायचं होतं ते मी बारपेक्षा त्याच्या आजूबाजूला जास्त शिकलो. पुस्तकांची कपाटं होती, गावातलेच लोक फुकट पाळ्या करून चालवतात असं किराणाचं छोटं दुकान होतं, आणि मागच्या जमिनीचे तुकडे करून भाजीपाला लावायला दिले होते. बिअरचा थेंब न घेणाऱ्या माणसालाही त्या दारातून आत जायला कारण होतं. पुढे कॅम्रा या ग्राहक संघटनेनं याच पबला 2016 चा देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. त्या कपाटांमुळे गल्ला भरतो असं नाही. दूध आणायला आलेली बाई पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन जेवायला येते. तू पीत नाहीस म्हणून समितीत संकोचतेस ना? मग दारातून आत यायची अशी कारणं शोधायचं काम तूच माग.

आता पैशांचं. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे : ‘एक निवृत्त गृहस्थ एकटेच निम्मी रक्कम द्यायला तयार आहेत, मग बाकीचं सोपं.’ ते गृहस्थ भले असतील, पण मला हे वाचून काळजी वाटली. एकानं पंधरा हजार पौंड दिले काय आणि दीडशे जणांनी शंभर-शंभर दिले काय, बँकेत आकडा सारखाच. पण पावसाळी मंगळवारी रात्री त्या दीडशेंतले वीस जण ‘आपल्या’ पबात येऊन बसतात आणि तुमचा त्या दिवसाचा खर्च निघतो. दात्याची खुर्ची एकच. त्यांचे पैसे घ्या, मात्र आधी गावातलं प्रत्येक दार वाजवून झालेलं असू दे. शेअरची किमान रक्कम इतकी ठेवा की शाळेच्या बसचा ड्रायव्हरही विचार न करता घेऊ शकेल, आणि जमलं तर हप्त्यांची सोय करा. संस्था कम्युनिटी बेनिफिट सोसायटी, म्हणजे समाजाच्या हितासाठीची सहकारी संस्था, म्हणून नोंदवलीत, तर शेअर कितीही असले तरी माणशी मत एकच. नियमावलीत मालमत्तेवर कायमचं कुलूप घालता येतं, म्हणजे उद्या पब विकून पैसे आपसात वाटून घ्यायची कुणाला सोय राहत नाही. ते कुलूप घालाच. प्लंकेट ही संस्था तयार नियमावली देते आणि सल्लाही. 1919 पासून गावोगावच्या सहकाराचं काम ती करत आली आहे.

एक शब्द जपून वापर. आपल्याला वर्गणी मागायची सवय आहे. गणपतीची वर्गणी दिली की हिशेब संपला. शेअर म्हणजे वर्गणी नव्हे. लोकांना स्पष्ट सांग : याची किंमत वाढणार नाही, व्याज मिळेलच असं नाही, पहिली काही वर्षं पैसे परत मागता येणार नाहीत, आणि पब बुडाला तर हे पैसेही बुडू शकतात, बँकेतल्या ठेवीसारखं सरकारी संरक्षण याला नाही. हे ऐकूनही जो चेक लिहितो तो टिकतो. आमच्याकडे उत्साहाच्या भरात एका दोघांना ‘पैसे कुठे जात नाहीत’ असं बोललं गेलं. ते बोलणारा मीच, खजिनदार. त्यातल्या एका बाईंना वर्षभरात घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते आणि आम्ही देऊ शकलो नाही. त्या आजही मला रस्त्यात हसून भेटतात, पण पबात येत नाहीत.

माझे वडील एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि 1950 मध्ये गाळप सुरू झालं, हे ते आम्हाला अभिमानानं सांगत. त्यांच्या स्वतःच्या कारखान्याची वार्षिक सभा मात्र मी लहानपणी पाहिली आहे. विषय वाचला की पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’; पंधरा मिनिटांत अहवाल, ताळेबंद, सगळं मंजूर. वडील शेअरचा दाखला खिशात घेऊन गेले होते आणि तोंड न उघडता परत आले. पैसे त्यांचे होते, कारखाना त्यांचा राहिला नव्हता. तुमच्या सभेत पहिला अडचणीचा प्रश्न जो विचारेल त्याला पूर्ण उत्तर मिळेल एवढं तू बघ. महिन्याचा जमाखर्च बारच्या भिंतीवर लावायची पद्धत पाड, तोट्याच्या महिन्यातही.

कायद्याची बाजू तुमचा वकील बघेल, एकच गोष्ट या महिन्यात करून घ्या. 2011 च्या लोकलिझम कायद्याखाली पबची ‘समाजमूल्याची मालमत्ता’ म्हणून स्थानिक कौन्सिलकडे नोंद करता येते. नोंद झाली की मालक विकायला काढतो तेव्हा गावाला सहा आठवड्यांत ‘आम्हाला घ्यायचा आहे’ असं कळवता येतं आणि मग नोटिशीपासून सहा महिन्यांची मुदत मिळते. त्यानं तुम्हालाच विकावा अशी सक्ती त्यात नाही, हे समितीत सगळ्यांना समजलेलं असू दे. नियमांत बदल होत असतात, तेव्हा कौन्सिलमध्ये फोन करून खात्री करा. लंडनमधला ‘आयव्ही हाऊस’ याच वाटेनं 2013 मध्ये लोकांच्या मालकीचा झाला. पाडण्याची भीती वाटते म्हणतेस, तर हेही लक्षात ठेव : 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला रीतसर परवानगी लागते. तो अर्ज आला तर हरकती नोंदवायला माणसं तयार ठेवा.

आणि खरेदीत सगळे पैसे घालवू नका. आम्ही घालवले. किल्ली हातात आली त्या दिवशी खात्यात जेमतेम महिन्याचा खर्च होता, आणि तिसऱ्या आठवड्यात तळघरातली थंड ठेवायची यंत्रणा बंद पडली. बिअर आंबली, ओतून दिली. ज्यांनी तळहाताला फोड येईपर्यंत भिंती खरवडल्या होत्या, त्यांच्यापुढे उभं राहून आणखी पैसे मागावे लागले. छप्पर, तळघर, विजेच्या तारा यांची तपासणी किंमत ठरण्याआधी करा, आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून मगच किती जमवायचे तो आकडा जाहीर करा.

चालवायला कुणी घ्याल ते माणूस नीट निवडा आणि निवडल्यावर त्याला काम करू द्या. दोनशे मालक आणि प्रत्येकाचं चिप्सबद्दल वेगळं मत, यात चांगले चालक पळून जातात. तक्रार समितीकडे यावी, बारवर नको.

त्या ‘समाजमूल्याच्या’ नोंदणीच्या अर्जासाठी पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत, पुढे आलं नाही, तर गावकऱ्यांच्या गटालाही अर्ज करता येतो. मतदार यादीतली निदान एकवीस नावं लागतात. तुझी धरून वीस झाली आहेत आणि तुझं चालेल का माहीत नाही, असं लिहिलंयस. इथे राहायचा परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुल देशाचा म्हणून, या देशातल्या मतदार यादीत नाव घालता येतं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, आज रात्री करून टाक. मग एकविसाव्या सहीसाठी त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांकडे जा, ज्यांनी बैठकीत ‘हे काही व्हायचं नाही’ म्हटलं होतं. मी पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. मालकाकडून तळघराची किल्ली मिळते का बघ, आणि एक चांगली बॅटरी आणून ठेव.

तुझा,
काका