लॅब्राडॉरचे ठोके ३८ : गोळ्या की पेसमेकर?

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर नऊ वर्षांचा, वजन ३२ किलो. महिन्याभरात तीनदा चालता चालता कोसळला. अर्ध्या मिनिटात उठून शेपूट हलवायला लागतो. बेळगावात ईसीजी काढला. ठोके ३८, ‘कंप्लीट हार्ट ब्लॉक’ म्हणाले. गोळ्यांवर भागेल का? कुत्र्याला पेसमेकर बसतो का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बसतो. दिल्लीत २०२० साली एका कॉकर स्पॅनियलला बसवला. परदेशात तर १९६० च्या दशकापासून बसवतात. ब्लॉक पूर्ण असेल तर गोळ्यांवर विसंबू नका. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खाली पोचतच नाही, म्हणून खालचे कप्पे आपल्या संथ लयीत काम रेटतात. ती लयही थबकली की मेंदूला रक्त मिळत नाही आणि कुत्रा पडतो. असा कुत्रा अचानक दगावूही शकतो, त्यामुळे दिवाळीनंतर बघू असं करू नका.

आधी रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. लघवी तुंबली किंवा मूत्रपिंडाजवळची अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावली की ते वाढतं आणि ठोके घटतात. तिथे पेसमेकर नको, मूळ आजारावर उपचार हवा. कण्हेर चघळल्यानेही ब्लॉक होतो, आणि आपल्याकडे ती कुंपणाकुंपणाला असते. डॉक्टर ठोके वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन (किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम) देऊन अर्ध्या तासात पुन्हा ईसीजी काढतात. त्याने ब्लॉक सुटला नाही तर पेसमेकरचाच विचार करावा लागतो.

तार सहसा मानेतल्या उजव्या शिरेतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत, हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात. बॅटरीची डबी मानेच्या कातडीखाली राहते. खरा धोका भूल देताना असतो, कारण तेव्हा ठोके आणखी घटू शकतात. म्हणून बेंगळुरू, पुणे, मुंबई, कुठेही निघण्याआधी फोनवरच विचारा : सी-आर्म (क्ष-किरणांचं चित्र पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे का? भुलीआधी तात्पुरता पेसमेकर लावता का? नंतर पेसमेकर तपासायला प्रोग्रामर (बाहेरून त्याची जुळणी करणारं उपकरण) कोण आणणार? या तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करा. माणसासाठी बनवलेला पेसमेकरच कुत्र्याला चालतो. वापरलेला, निर्जंतुक केलेला मिळाला तर खर्च घटतो, मात्र बॅटरी किती उरलीय ते आधी मोजून घ्यायला सांगा.

घरी आल्यावर पहिले चार ते सहा आठवडे जिना, उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती सगळं बंद. तार हृदयात रुजायच्या आत निसटते ती याच काळात. गळ्यात पट्टा यापुढे कधीच नको, छातीचा हार्नेस वापरा. मानेतून रक्त काढू देऊ नका. डबीभोवती पाणी साचून फुगलं तर ते सुईने काढायचा आग्रह धरू नका, त्याने जंतू आत जातात.

रोज तो झोपलेला असताना डाव्या कोपरामागे फासळीवर हात ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. डॉक्टरांनी पेसमेकरवर लावलेल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर त्याच दिवशी ईसीजी काढा.