पासपोर्ट आणि ४ बाय ६ फोटोंसाठी प्रिंटर घ्यायचाय: कार्ट्रिजचा की टँकचा? बाहेरची शाई चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तासगावात घरच्या झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्ट आणि ४ बाय ६ चे फोटो सुरू करायचेत. साधा कार्ट्रिजचा प्रिंटर स्वस्तात मिळतोय, सहा रंगांचा टँकवाला कितीतरी महाग पडतोय, आणि दुकानदार म्हणतोय की बाहेरची शाई भरली तरी काही फरक पडत नाही. मी सांगलीत गणपती पेठेत रोलच्या काळापासून फोटो स्टुडिओ चालवतोय. सहा रंगांचा टँकवालाच घ्या आणि शाई त्याच कंपनीची भरा. यातली शाईची गोष्ट मला मशीनपेक्षा मोठी वाटते.

कार्ट्रिजचं मशीन स्वस्त असतं, कारण कंपनी पैसे पुढे शाईत वसूल करते. रंगीत कार्ट्रिज म्हणजे एका डबीत निळा, गुलाबी, पिवळा असे तीन कप्पे, आणि प्रत्येकात शाई थोडीशीच. चेहरे छापत गेलं की गुलाबी-पिवळा आधी संपतो आणि निळा शिल्लक असताना डबी टाकून द्यावी लागते. टँकमध्ये जो रंग संपला तेवढाच भरायचा, आणि फोटो प्रिंटरची बाटली साधारण ७० मिलिलिटरची असते. एप्सननं हे टँकचे प्रिंटर २०१० साली पहिल्यांदा इंडोनेशियात आणले, कारण तिथले दुकानवाले आधीच कार्ट्रिजला भोक पाडून बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडत होते. आपल्याकडेही तेच चालायचं. माझ्या जुन्या मशीनलाही तशा नळ्या होत्या.

कार्ट्रिजची एक बाजू मात्र खरी आहे. बऱ्याच मॉडेलांत हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, कार्ट्रिजलाच असतं, त्यामुळे मशीन महिनाभर पडून हेड वाळलं तरी नवी डबी टाकली की हेडही नवं होतं. कधीतरी चार फोटो काढणाऱ्या घराला ते सोयीचं आहे. दुकानाला नाही.

आता सहा रंग कशाला? गालाचा उजळ भाग छापायला चार रंगांच्या मशीनला गडद गुलाबीचे ठिपके विरळ विरळ टाकावे लागतात. पासपोर्ट फोटो डोळ्याजवळ धरा, कपाळावर बारीक रवा दिसेल. एप्सनच्या एल ८०५० मध्ये फिका निळा आणि फिका गुलाबी असे दोन रंग जास्तीचे आहेत, त्यामुळे ठिपके दाट पडतात आणि कातडी सलग दिसते. हा फिका गुलाबी सगळ्यांत आधी संपतो, त्याची एक बाटली कायम जादा ठेवा. या मशीनवर ओळखपत्राची प्लास्टिकची कार्डंही छापता येतात, मात्र कार्ड इंकजेटसाठी लेप दिलेलंच हवं. कॅननच्या जी ५७० मध्ये जास्तीचे दोन रंग लाल आणि राखाडी आहेत. आजोबांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो फ्रेमसाठी मोठा करून द्यायचा असेल तर राखाडीचा उपयोग लगेच दिसतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. काही चार रंगी मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे न विरघळलेल्या बारीक कणांची. ग्लॉसी कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं राहिलं, तर ती काळी शाई वरच बसते आणि केसांवरून बोट फिरवलं की बोटाला लागते. कागदाचं सेटिंग दर वेळी बघायचं.

आता शाईबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. माझा स्टुडिओ पहिल्या मजल्यावर असल्यानं वाचला. पाणी ओसरल्यावर पेठेतले लोक चिखलानं भरलेले अल्बम घेऊन यायला लागले. जुने लॅबमधून आलेले फोटो एकमेकांना चिकटले होते. तसेच वाळले असते तर संपलंच होतं. आम्ही ते बादलीत स्वच्छ गार पाण्यात ठेवले, एकेक हळूच सोडवला आणि दोरीला चिमटे लावून वाळवला. कडा गेल्या, चेहरे बरेचसे राहिले. मग एका काकूंनी नातवाच्या बारशाचं पाकीट पुढे केलं. ते फोटो मीच इंकजेटवर काढून दिले होते, स्वस्त ग्लॉसी कागदावर, बाहेरच्या बाटलीच्या शाईनं. कागदाच्या कडेला गुलाबी ओघळ होते आणि मधे काहीच नव्हतं. मागच्या बाजूला काकूंनी बॉलपेनानं लिहिलेली तारीख तेवढी शाबूत होती. मूळ फाइल माझ्याकडे उरली नव्हती. तेव्हापासून ती शाई मी दुकानात ठेवत नाही.

असं का होतं ते सांगतो. फोटो प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा डाय शाई असते, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो कागदावरच्या लेपात मुरतो. लेप हलका असला तर पाणी लागताच रंग परत सुटतो. चांगल्या आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) फोटो कागदावर तीच शाई बरीच घट्ट बसते, म्हणून कागदात पैसे वाचवू नका. उजेड आणि हवेतला ओझोनही डाय शाईला खातो. फ्रेमची काच त्यातलं बरंच अडवते. फोटो छापल्यावर एक दिवस मोकळा वाळू द्या, मगच फ्रेम किंवा लॅमिनेशन करा.

त्या पुरानंतर मी एकच फोटो दोन्ही शाईंनी छापला, अर्धा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला आणि दक्षिणेच्या खिडकीला आतून चिकटवला. दिवाळीत लावलेले गुढीपाडव्याला काढले. कंपनीच्या शाईत झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक शोधावा लागत होता. बाहेरच्या शाईत उघड्या बाजूचा गुलाबी उडून चेहरा हिरवट पिवळा पडला होता. सुरुवातीलाही त्या शाईचा रंग नीट जुळत नव्हता, कारण प्रिंटरचं ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं त्याचं सॉफ्टवेअर, कंपनीच्या शाईचा हिशोब धरून बनवलेलं असतं.

मशीन सांभाळणं सोपं आहे, पण रोजचं आहे. बंद करताना मशीनचंच बटण दाबा, भिंतीवरचं नाही. बटण दाबलं की हेड आपल्या जागी जाऊन टोपीखाली बसतं. तुमच्याकडे वीज जाते ती मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. छापता छापता वीज गेली की हेड मधेच उघडं अडकतं आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नोझल, म्हणजे हेडची बारीक छिद्रं, लवकर वाळतात. छोटा यूपीएस मशीनबरोबरच घ्या. रोज सकाळी एक नोझल चेक काढा, म्हणजे सगळ्या रंगांच्या रेघांचा तपासणीचा कागद. रेघ तुटली असेल तरच क्लीनिंग करा, उगाच नको. क्लीनिंगची शाई आतल्या पॅडमध्ये जाते आणि पॅड भरलं की मशीन काम थांबवतं. टाकीतली शाई खालच्या रेघेखाली कधीही जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते. कॅननसारख्या हेडमध्ये शाई तापवून थेंब उडवतात आणि ती शाईच हेडला थंडही ठेवते, त्यामुळे कोरडं चालवलं तर हेड जळू शकतं.

लग्नाचे अल्बम मात्र यावर घेऊ नका, ते लॅबलाच द्या.

खरेदीला जाताना पेन ड्राइव्हवर एक फोटो न्या: सावळा चेहरा, काळे केस, मागे पांढरी भिंत. दुकानात ४ बाय ६ वर ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या आठ कॉपी काढायला लावा. तो कागद दुकानाबाहेर उन्हात नेऊन गाल आणि भिंतीचा पांढरा बघा. भिंत गुलाबी किंवा हिरवट दिसली, तर आत कुठली शाई भरलीये ते आधी विचारा.