नाणेफेकीआधी लिहून ठेवा : कुमार क्रिकेट स्पर्धांबद्दल वाचकांचे प्रश्न

वयोगटाच्या क्रिकेट स्पर्धांबद्दल संयोजक, प्रशिक्षक, पंच, गुणलेखक आणि पालक अशा सगळ्यांचीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतले काही प्रश्न उत्तरांसह देत आहोत. हिशेब सोपा जावा म्हणून सर्वत्र २५ षटकांचा सामना धरला आहे.

प्रश्न : आम्ही १२ आणि १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा घेतो. माहितीपत्रकात ‘आयसीसीचे नियम लागू राहतील’ एवढेच लिहितो. पुरेसे आहे का?

नाही. मैदानावरची निम्मी भांडणे याच वाक्यातून निघतात. क्रिकेटचे मूळ ४२ कायदे मेरिलबोन क्रिकेट क्लबचे, म्हणजे एमसीसीचे. आयसीसी त्यांवर आपल्या सामन्यांसाठी वेगळ्या अटी घालते आणि त्या कसोटीला एक, मर्यादित षटकांना दुसऱ्या. टप्पा पडून फलंदाजाच्या डोक्यावरून गेलेला चेंडू घ्या. मूळ कायद्यात तो नो-बॉल आहे, आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या सामन्यात वाइड. वाइडवर फलंदाज यष्टिचीत होऊ शकतो, नो-बॉलवर होत नाही. फ्री हिट तर मूळ कायद्यात नाहीच. म्हणून पहिले कलम असे लिहा : ‘या नियमावलीत उल्लेख नाही त्या सर्व बाबतींत एमसीसीचे कायदे लागू राहतील.’ त्याखाली तुमचे बदल, प्रत्येक बदल आकड्यासह.

सुरुवात मापांपासून करा. पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. १३ वर्षांखालील गटासाठी एमसीसीनेच १३३ ते १४४ ग्रॅम वजनाचा आणि २०.५ ते २२ सेंटिमीटर घेराचा चेंडू सांगितला आहे. लहान हाताला मोठा चेंडू दिला की बोटे शिवणीवर नीट बसत नाहीत. मूल हात झटकून चेंडू फेकायला लागते आणि फुलटॉस व वाइड वाढतात. कुमारांसाठी यष्ट्याही छोट्या असतात. त्यांची उंची ६८.५८ आणि तिन्हींची मिळून रुंदी २०.३२ सेंटिमीटर. मोठ्यांच्या यष्ट्या ७१.१२ आणि २२.८६ सेंटिमीटरच्या.

खेळपट्टीची पूर्ण लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. १२ वर्षांखाली ती २० यार्ड, म्हणजे १८.२९ मीटर करा. एका टोकाच्या यष्ट्या जागेवर ठेवून दुसऱ्या टोकाच्या दोन यार्ड आत घ्या आणि त्यांच्यासमोर १.२२ मीटरवर नवी क्रीझ आखा. इथे एक चूक नेहमी होते : जुनी रेघ पुसायची राहते. मग गोलंदाज एका रेघेवर पाय टाकतो, पंच दुसरीकडे बघतात आणि धावणारा फलंदाज तिसरीकडेच बॅट टेकवतो. जुनी चुन्याची रेघ पाण्याने पूर्ण घालवा, नुसती माती लोटून भागत नाही. सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून १२ वर्षांखाली ४० आणि १४ वर्षांखाली ५० मीटर पुरते.

प्रश्न : आमच्या स्पर्धेत ३० धावांना फलंदाजाने निवृत्त व्हायचे, असा नियम होता. आमचे नऊ गडी बाद झाल्यावर निवृत्त झालेला मुलगा परत खेळायला आला. समोरच्या कर्णधाराने हरकत घेतली आणि पंचांनी डाव संपवला. हे बरोबर आहे का?

मूळ कायद्यानुसार पंच बरोबर. आजारपण, दुखापत किंवा तसेच अपरिहार्य कारण नसताना फलंदाज निवृत्त झाला, तर समोरच्या कर्णधाराची संमती असेल तरच त्याला परत येता येते. नाहीतर ‘निवृत्त - बाद’ अशी नोंद होते. सक्तीने निवृत्त करणाऱ्या स्पर्धेत हे कलम स्पष्ट शब्दांत बाजूला ठेवावे लागते. तुमच्या नियमावलीत ते वाक्य नव्हते, तोटा मुलाला झाला.

पुढच्या वेळी इतके लिहा. मर्यादा ओलांडणाऱ्या फटक्याच्या सगळ्या धावा मिळतील, म्हणजे २८ वर षटकार मारला तर ३४ वर निवृत्ती. निवृत्त फलंदाज उरलेले सगळे बाद झाल्यावर, ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतील. परत आल्यावर पुन्हा मर्यादा नाही.

आमचे स्पष्ट मत विचाराल तर धावांची मर्यादा काढून चेंडूंची ठेवा. धावांच्या मर्यादेत २९ वर असलेला मुलगा सोपी एकेरी धाव नाकारतो, आणि १८ धावांसाठी ६० चेंडू घेणारा तसाच उभा राहतो. खालची चार मुले पॅड बांधून बसून राहतात. डावात चेंडू १५०. प्रत्येकाला ३० ची मर्यादा घातली तर सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या मुलालाही खरी फलंदाजी मिळते. वाइड त्यात धरू नका. २५ वा चेंडू झाला की गुणलेखकाने पंचांना हात करून कळवायचे, म्हणजे ऐनवेळी मोजणीवरून घोळ होत नाही.

प्रश्न : प्रत्येक गोलंदाजाला कमाल पाच षटके, एवढे बंधन ठेवले आहे. वेगवान गोलंदाजांसाठी आणखी काही लागते का?

लागते, आणि नियमावलीत सर्वांत जास्त डोके इथेच घालायला हवे. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाजीत कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते, त्यात पुढच्या पायावर जोरात उतरायचे असते. हे वारंवार झाले की मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. असे मूल काही महिने मैदानाबाहेर राहते.

पहिला प्रश्न, वेगवान कोणाला म्हणायचे? इंग्लंडच्या मंडळाची कसोटी छान आहे. त्याच वयोगटातला यष्टिरक्षक ज्याच्या गोलंदाजीला यष्ट्यांपासून मागे उभा राहील, तो वेगवान. वेग मोजायचे यंत्र नको, वाद नको.

दुसरे, सलग किती? १२ वर्षांखाली सलग चार आणि १४ वर्षांखाली सलग पाच षटके ही आमची शिफारस. स्पेल (सलग टाकलेल्या षटकांचा टप्पा) संपला की त्याच टोकाने तितकीच षटके दुसऱ्यांनी टाकेपर्यंत विश्रांती. समजा, मुलाने १, ३, ५ आणि ७ वे षटक टाकले. मग त्या टोकाची ९, ११, १३ आणि १५ वी षटके दुसऱ्यांची आणि तो १७ व्या षटकाला परत येऊ शकतो. मधे टोक बदलून घुसण्याची पळवाट प्रशिक्षक शोधतातच, म्हणून ‘दुसऱ्या टोकानेही तेवढाच अवकाश’ हे शब्द घाला. आधी फिरकी टाकून नंतर वेगवान टाकणाऱ्याची फिरकीची षटकेही स्पेलमध्ये धरा.

तिसरे, दिवसाची मर्यादा. एका दिवसात दोन सामने असतील तर प्रत्येकी पाच असे दहा षटकांचे ओझे पडते. १२ वर्षांखाली ते आठवर आणा. १४ वर्षांखाली दहा चालतील, पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाला गोलंदाजी देऊ नये.

आणि षटके मोजताना चेंडूही मोजा. पाच षटकांत १४ वाइड टाकणाऱ्याच्या नावापुढे पाचच षटके दिसतात, पण त्याच्या कंबरेने ४४ चेंडू टाकलेले असतात. गुणपत्रकात याचा वेगळा रकाना हवा. १२ वर्षांखाली षटकांची कमाल चार ठेवली, तर २५ षटकांसाठी किमान सात गोलंदाज लागतात. मुलांना संधी मिळते ती अशी.

प्रश्न : आमच्याकडे वाइडला दोन धावा देतो आणि चेंडू पुन्हा टाकत नाही. सामना वेळेत संपतो, पण शेवटी संघ मुद्दाम वाइड टाकतात.

नियम चांगला आहे, शेवटची बाजू तेवढी उघडी राहिली. १२ चेंडूंत ३० धावा हव्या आहेत असे समजा. गोलंदाजाने सहाही चेंडू वाइड टाकले तर १२ धावा जातात, पण षटक संपते आणि समोर ६ चेंडूंत १८ उरतात. फलंदाजाची बॅट चेंडूला लागलेलीच नसते. म्हणून दोन्ही डावांतल्या शेवटच्या दोन षटकांत वाइडला एक धाव आणि पुन्हा चेंडू, हे कलम घाला. षटक लांबू नये असे वाटत असेल तर तिथे कमाल नऊ चेंडूंची मर्यादा ठेवा.

वाइडवर पळून काढलेल्या धावा किंवा चौकार दोनात मिळवायचे का, हेही लिहा. आम्ही मिळवू, म्हणजे वाइड सीमापार गेला तर सहा. मर्यादित षटकांच्या सामन्यात ऑफ बाजूला मधल्या यष्टीपासून ८९ सेंटिमीटरवर वाइडची खूण असते, ती मोठ्यांच्या हातांची. १२ वर्षांखाली ७५ सेंटिमीटरवर आखा.

प्रश्न : कमरेच्या वरचा फुलटॉस फिरकी गोलंदाजाच्या हातून सुटला तर काय करायचे? (नवोदित पंच)

वेग कितीही असो, क्रीझवर ताठ उभ्या फलंदाजाच्या कमरेच्या वरून टप्पा न पडता गेलेला किंवा गेला असता असा चेंडू नो-बॉलच. मात्र गोलंदाजाला ताकीद तो चेंडू धोकादायक वाटला तरच. ते ठरवताना वेग, दिशा, फलंदाजाचे कौशल्य आणि असे किती वेळा झाले हे बघा. फलंदाजाने हेल्मेट घातले आहे, हा विचार करायचा नसतो. धोकादायक ठरला तर पहिली आणि शेवटची ताकीद, पुन्हा घडले तर त्या डावात त्याची गोलंदाजी बंद. ‘कमर’ म्हणजे समोरच्या मुलाची कमर, हे विसरू नका. बुटक्या मुलाला जो नो-बॉल आहे तो उंच मुलाला नसेलही.

चामड्याच्या कडक चेंडूने खेळताना फलंदाजाला आणि यष्ट्यांजवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकाला हेल्मेट सक्तीचे ठेवा. क्षेत्ररक्षक किती जवळ असावा, यालाही अंतर हवे. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखाली मधल्या यष्टीपासून ११ यार्ड आणि १५ वर्षांखाली ८ यार्ड ही मर्यादा आहे. सूट फक्त ऑफ बाजूला यष्ट्यांमागे उभ्या राहणाऱ्यांना. फलंदाज चेंडू खेळेपर्यंत आत सरकायचे नाही.

प्रश्न : झेल घेतला जाण्यापूर्वी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले, तर पुढचा चेंडू कोण खेळणार?

नवा फलंदाज. ऑक्टोबर २०२२ पासून ओलांडण्याला अर्थ उरलेला नाही. झेल षटकाच्या शेवटच्या चेंडूवर असेल तर मात्र पुढचे षटक जोडीदार खेळेल. जुन्या सवयीचे गुणलेखक इथे अजून चुकतात.

प्रश्न : चेंडू टाकण्याआधीच पुढे निघालेल्या नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजाने धावबाद केले. मुलगा रडला, पालक भडकले. आधी ताकीद द्यायला नको का?

कायद्यात ताकीद नाही. २०२२ मध्ये हे कलम ‘अनुचित खेळ’ या भागातून काढून थेट धावबादच्या कलमात नेले, त्यामुळे गोलंदाजावर ठपका ठेवायला जागा नाही. नेहमीच्या ओघात चेंडू हातातून सुटायचा तो क्षण येईपर्यंत त्याला धावबाद करता येते. प्रयत्न फसला तर पंच चेंडू मृत ठरवतात आणि तो षटकात मोजत नाहीत.

१२ वर्षांखाली प्रत्येक संघाला डावात एक ताकीद द्यावी, असे आम्हाला वाटते. ती पंचांनी दोन्ही कर्णधारांना सांगून वहीत नोंदवायची. पण हे नियमावलीत लिहिलेले नसेल, तर पंचांनी दया म्हणून नाबाद देणे चूक आहे. मुलांना शिकवायचे ते सोपे आहे : बॅट क्रीझमध्ये टेकलेली आणि नजर गोलंदाजाच्या हातावर, चेंडू सुटेपर्यंत.

प्रश्न : नेट रनरेटचा आमचा आकडा आणि संयोजकांचा आकडा जुळत नाही.

नेट रनरेट म्हणजे केलेल्या धावांच्या गतीतून दिलेल्या धावांची गती वजा करून उरलेला आकडा. तो तीन ठिकाणी तपासा. एका संघाचे दोन सामने घेऊ. पहिल्यात त्यांनी २५ षटकांत १४२ केल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना १९.२ षटकांत ९८ धावांत सर्वबाद केले. दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्यांनी २५ षटकांत ११० केल्या, यांनी १८.३ षटकांत १११ करून सामना जिंकला.

सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण २५ षटके धरायची, १९.२ नव्हे. १८.३ म्हणजे अठरा षटके आणि तीन चेंडू, म्हणून भागताना १८.५ घ्यायचे. आणि प्रत्येक सामन्याचा रनरेट काढून सरासरी करायची नाही, सगळ्या धावा आणि सगळी षटके आधी एकत्र करायची. केलेल्या धावा २५३, षटके ४३.५, गती ५.८१६. दिलेल्या धावा २०८, षटके ५०, गती ४.१६०. उत्तर अधिक १.६५६. सरासरीने काढले तर १.६८० येते, आणि एवढ्या फरकाने उपांत्य फेरीचा संघ बदलू शकतो.

प्रश्न : पावसासाठी सोपा नियम सुचवा.

खेळ सुरू होण्याआधीच वेळ गेला तर दोघांची षटके सारखी कमी करा आणि गोलंदाजाची मर्यादाही त्या प्रमाणात उतरवा. १६ षटकांचा सामना झाला तर एकाला चार, बाकीच्यांना तीन. निकालासाठी दोन्ही संघांना किमान दहा षटके हवीत. दुसऱ्या डावात पाऊस आला तर सरासरी धावगतीने लक्ष्य काढू नका. १५० चे आव्हान १५ षटकांवर आले की सरासरीने ९० होते, पण पाठलाग करणाऱ्यांचे दहाही गडी हाताशी राहतात आणि पहिल्या संघावर अन्याय होतो. उरलेली षटके आणि गडी दोन्ही धरून लक्ष्य काढणाऱ्या डकवर्थ-लुईसच्या मूळ पद्धतीचा तक्ता छापून गुणलेखकाकडे द्या. संगणकाशिवाय, कॅल्क्युलेटरवर लक्ष्य निघते. दुसरा डाव सुरू होण्याआधी दर षटकाअखेरची बरोबरीची धावसंख्या कागदावर लिहून दोन्ही प्रशिक्षकांना एकेक प्रत द्यावी आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात.