मित्रांच्या वाचनकट्ट्यात नवीन आहात?

पुस्तक सुचवायची पाळी आली तर १५०-२०० पानांचंच सुचवा. जाडजूड कादंबरी ठरली की निम्मे जण न वाचताच येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून प्रती घेताना सगळ्यांची आवृत्ती एकच असू द्या. नाहीतर पानांचे आकडे जुळत नाहीत आणि अर्धा वेळ उतारा शोधण्यात जातो. वाचताना समासात पेन्सिलीने खूण करा, शेवटच्या कोऱ्या पानावर नोंद ठेवा: 'पान ४७, आई खोटं का बोलली?' अशा तीन-चार नोंदी पुरे. नुसतं 'छान आहे' म्हटलं की गप्पा तिथेच खुंटतात, त्यापेक्षा खटकलेला उतारा वाचून दाखवा. पुस्तक अर्धवट राहिलं तरी जा, फक्त आधी सांगा, म्हणजे कोणी शेवट फोडणार नाही. आणि बैठक रविवारी सकाळी हॉटेलात नको. बाहेर रांग असते, चहा संपायच्या आत बिल येतं!