चहा, कॉफी, दारू अशा रोजच्या पेयांनी खरंच इतिहास घडवला का?

घडवला. 1662 मध्ये पोर्तुगालच्या कॅथरीनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं, हुंड्यात मुंबई गेली आणि कॅथरीनमुळे इंग्लंडच्या दरबारात चहा रुळला. पुढे चहाचे पैसे भागवायला इंग्रजांनी चीनमध्ये अफू घुसवली, त्यावरून 1839 मध्ये युद्ध पेटलं. चहावर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी फेणीचं, म्हणजे गोव्यातल्या काजूच्या दारूचं सांगतो.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, नावासकट. रस गाळून फेणी करणं मात्र गोव्याचं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी होती. मार्च ते मे बोंडू, म्हणजे काजूची फळं वेचायची, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात तुडवायची, रस आंबला की भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात चढवायचा, जोडाला वारुळाची माती लिंपायची. पहिल्या उकळीची ती हुर्राक. तीच रसात घालून पुन्हा उकळली की फेणी. बाबा बाटली हलवून फेस बघायचे आणि उतरली की नाही ते सांगायचे.

1998 साली ताईला घाटावरचं एक स्थळ आलं. पोहे झाले, पसंतीही जवळपास झाली होती. मुलाच्या मामांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही दारू गाळता?" बाबा म्हणाले, "हंगामात गाळतो." आठवड्याने नकाराचं पत्र आलं. त्या लोकांचा ऊस ज्या कारखान्यात जायचा, तिथे मळीपासून मद्यार्क बनायचा, आणि मामा त्या कारखान्याचे सभासद होते. बाबांना हे ठाऊक होतं. ते बोलले नाहीत, ताई आत रडत होती म्हणून मीही गप्प बसलो. ते आज बोलतो: कारखान्याचा मद्यार्क उद्योग असेल, तर आमची भाटीही उद्योगच. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबा नव्हते.

दारूने घरं बसतात, हेही खरं. आमच्या वाड्यावरचंच एक बसलं, आणि बाबांनी त्या माणसाला आमच्या भाटीवर पाय ठेवू दिला नव्हता. तेव्हा प्यायला सुरुवात करा असं मी कुणाला सांगत नाही.

कॉफीचं मला फारसं माहीत नाही. एप्रिलमध्ये इकडे आलात तर ताजा नीरो, म्हणजे बोंडूचा न आंबलेला रस प्या, त्यात नशा नसते. आणि भाटीवर गेलात तर दारू गाळता का म्हणून विचारू नका. यंदा बोंडू कसा आहे, ते विचारा.