क्लीन स्किनकेअर आणि मेकअपकडे वळायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

चार महिन्यांवर लग्न आलेले असताना ‘क्लीन’ म्हणवणाऱ्या प्रसाधनांकडे वळावे का, आणि वळायचेच तर घरातले सगळे टाकून एकदम नवे आणावे की हळूहळू बदलावे, असे तुम्ही विचारले आहे. मी हा बदल सात-आठ वर्षांपूर्वी केला, त्यात अक्षरशः तोंडघशी पडले आणि मग पुन्हा पहिल्यापासून केला. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे. थोडक्यात सांगायचे तर सगळे टाकू नका, आणि काय टाकायचे ते ‘पॅराबेन’ (प्रसाधन खराब होऊ नये म्हणून घालतात ते द्रव्य) या एका शब्दावरून ठरवू नका.

मुळात ‘क्लीन’ या शब्दाला आपल्याकडे कायद्याने काहीच अर्थ नाही. भारतात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. कोणते रंग चालतात आणि कोणती द्रव्ये वापरण्यास मनाई आहे, त्यांच्या याद्या भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ या मानकात दिलेल्या आहेत. यांपैकी कशातही ‘क्लीन’ची व्याख्या नाही. एखादी कंपनी पॅराबेन वगळून स्वतःला क्लीन म्हणवते, दुसरी फेस आणणारी सल्फेट वगळून, तिसरी प्राणिज घटक वगळून; डब्यावर हिरवे पान छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

या हिरव्या पानावर माझा पूर्ण विश्वास होता. मेकअप पुसण्यासाठी मी ओले वाइप्स आणले. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘पॅराबेनमुक्त’ असे लिहिलेले होते. तिसऱ्या आठवड्यात पापण्या सुजल्या, डोळ्यांभोवतीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघू लागली, आणि ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत असतील’ अशी स्वतःची समजूत घालून मी वाइप्स आणखी दहा दिवस वापरत राहिले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पॅच टेस्ट केली. या चाचणीत संशयित द्रव्ये असलेल्या छोट्या चकत्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी त्या काढून पाठ पाहतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. माझ्या पाठीवर एकच जागा लालभडक होऊन फुगली होती, आणि ती मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाची, म्हणजे प्रसाधन टिकावे म्हणून घातलेल्या द्रव्याची, होती. वाइप्सच्या पाकिटावर ते नाव होते, परंतु इतक्या बारीक अक्षरांत की मोबाइलचा कॅमेरा लावून मोठे करून वाचावे लागले.

पुढे कळले की माझी गोष्ट काही वेगळी नव्हती. ब्रिटनमध्ये २००४ साली झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेनचे अंश सापडले आणि तेव्हापासून हा शब्द बदनाम झाला. वास्तविक त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्धही झालेले नव्हते. ग्राहक घाबरले म्हणून अनेक उत्पादकांनी पॅराबेन काढून त्याजागी इतर परिरक्षके घातली आणि त्यांतील मेथिलआयसोथायाझोलिनोनने हजारो लोकांना ॲलर्जी झाली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य’ ठरवले, तर २०१९ मध्ये त्याच संस्थेने पॅराबेनला ‘ॲलर्जी न करणारे द्रव्य’ म्हणून मान दिला. युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत मेथिलआयसोथायाझोलिनोन वापरायला बंदी घातली आहे. पॅराबेनांपैकी पाच प्रकारांवर तेथे २०१४ मध्ये बंदी आली, मात्र मेथिल आणि एथिल पॅराबेन प्रत्येकी ०.४ टक्क्यांच्या मर्यादेत आजही चालतात. ज्यात पाणी आहे त्या प्रसाधनात परिरक्षक हवेच, नाहीतर बुरशी आणि जंतू त्यात सुखाने नांदतात. ‘परिरक्षकमुक्त’ कोरफड जेलची बाटली उघडून महिनाभर बाथरूममध्ये ठेवण्याची कल्पना मला आता पॅराबेनपेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

आता आधी काय काढायचे ते सांगते. घरात गोरेपणाची एखादी क्रीम असेल, विशेषतः तिच्यावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांपैकी काही नसेल, तर ती आजच बाजूला करा. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो म्हणून चेहरा खरोखरच उजळतो, आणि त्वचेतून आत जाऊन तो मूत्रपिंडे खराब करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांचा असा संबंध डॉक्टरांच्या लक्षात आला होता. आपल्या नियमांनुसार पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला असला तरी तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये, आणि केवळ डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून ७० भागांची सवलत आहे. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: क्रीमच्या सूचनेत ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ असे लिहिलेले असेल, तर तो पारा असण्याचा मोठा इशारा समजावा, कारण पारा सोन्याला लगेच धरतो.

दुसरी गोष्ट औषधाच्या दुकानातून शेजारणीच्या सल्ल्याने आणलेल्या ट्यूबची. वांगावर म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड ही तिन्ही एकत्र असतात. डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी दिलेले हे औषध लोक वर्षानुवर्षे क्रीमसारखे लावतात, मग त्वचा पातळ होते, उन्हात गेले की भाजल्यासारखी लाल होते आणि गालांवर लव वाढते. मलाही वांग आहे आणि मीही एक ट्यूब संपवलेली आहे, म्हणून सांगते की सगळ्या पसाऱ्यात ही एकच वस्तू स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंद करू नये. स्टेरॉइड अचानक थांबवले की चेहरा उसळून येतो. डॉक्टरांना दाखवून ती कमी करत आणावी.

या दोन गोष्टी मार्गी लागल्या की सुगंधाकडे वळा. माझ्या अनुभवात खरा फरक पडला तो येथे. यादीत नुसते ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ लिहिलेले असते, परंतु त्या एका शब्दाखाली कित्येक रसायने असू शकतात. ‘नैसर्गिक’ सुगंध सौम्य असतो हा समज तर पार चुकीचा आहे. लॅव्हेंडरच्या तेलातील लिनालूल आणि लिंबू-संत्र्याच्या तेलातील लिमोनीन यांचा हवेशी संयोग झाला की त्यांतून ॲलर्जी करणारी द्रव्ये तयार होतात, म्हणजे बाटली उघडून जितके दिवस होतील तितका धोका वाढत जातो. त्वचेवर दिवसभर राहणारी क्रीम, सनस्क्रीन आणि फाउंडेशन प्रथम बिनवासाचे घ्या. फेसवॉश आणि शाम्पू मिनिटभरात धुऊन जातात, ते घरात आहेत ते संपवलेत तरी काही बिघडत नाही.

घटकांची यादी वाचायला शिकणे वाटते तितके अवघड नाही. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही लिहिलेले चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक सहसा एक टक्क्यापेक्षा अधिक वापरत नाहीत, त्यामुळे यादीत त्याच्यानंतर आलेली प्रत्येक गोष्ट जवळजवळ नावापुरतीच असते. माझ्या भाचीने आणलेल्या एका ‘केशर’ क्रीमवर मी हा प्रयोग केला, तेव्हा डब्यावर मोठ्ठे चित्र असलेले केशर फिनॉक्सिइथेनॉलनंतर पाचव्या क्रमांकावर निघाले! आयुर्वेदिक परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या क्रीमची तऱ्हा वेगळीच असते. त्यांवर दर दहा ग्रॅममागे मंजिष्ठा किती, चंदन किती हे लिहितात आणि शेवटी ‘क्रीम बेस – क्यू. एस.’, म्हणजे ‘आवश्यक तेवढा’, असे लिहून मोकळे होतात. परिरक्षक कोणते आणि सुगंध कसला हे त्या ‘आवश्यक तेवढ्या’त विरघळून जाते.

मेकअपबाबत फार थोडे सांगण्यासारखे आहे. लिपस्टिकमधील ‘सीआय ७५४७०’ (सीआय म्हणजे ‘कलर इंडेक्स’, रंगाचा ठरलेला क्रमांक) हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. तो पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या माझ्या मामी तो वर्षानुवर्षे ओठांना लावत होत्या. मी सांगितल्यापासून त्या माझ्याशी जरा जपूनच बोलतात. लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९, यांच्याबद्दल मात्र चार शब्द चांगले बोलले पाहिजेत. झिंक ऑक्साइडच्या सनस्क्रीनने आपल्या सावळ्या रंगावर राख फासल्यासारखा पांढरट थर येतो, तो या रंगांमुळे झाकला जातो. शिवाय वांग वाढवणाऱ्या दृश्य प्रकाशालाही ते अडवतात, जे काम नुसत्या पांढऱ्या सनस्क्रीनला नीट जमत नाही. मी आता फाउंडेशन वापरत नाही, रंगीत सनस्क्रीन लावून कामावर जाते.

क्लीन म्हणजे घरगुती, असेही तुमच्या मनात असेल तर सावध करते. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा) साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ आणि खाण्याच्या सोड्याचा ८ च्या वर. दोन्ही चेहऱ्यासाठी नाहीत, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे काळे डाग पडतात. बेसन आणि साय यांनी कोणाचे वाईट झालेले मी पाहिलेले नाही. पूर्वी हळदीला चुना किंवा सोड्यासारखा क्षार लावून कुंकू करत, क्षारामुळे हळद लाल होते म्हणून. आज मिळणाऱ्या बऱ्याचशा कुंकवात कृत्रिम रंग असतो आणि त्याने कपाळावर काळपट चट्टा पडू शकतो. टिकलीचे त्याहून वेगळे. माझ्या मावशीच्या कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर तेवढाच गोल पांढरा डाग पडला, तेव्हा सगळ्यांना कोड वाटले होते. टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल या द्रव्याने रंगपेशी मरतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरातल्या बायकांचा जीव भांड्यात पडला. क्लीन मेकअपच्या याद्यांमध्ये टिकलीचे नाव मी कधी वाचलेले नाही, आणि आपल्याकडे तर ती रोज, बारा-बारा तास लावली जाते.

आता तुमच्या लग्नाचे. एका वेळी एकच वस्तू बदला आणि दोन वस्तूंमध्ये किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, म्हणजे काही उठले तर कशाने ते कळेल. प्रत्येक नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. एका दिवसाच्या चाचणीत ॲलर्जी बहुधा दिसत नाही. लग्नाआधीच्या सहा आठवड्यांत चेहऱ्यावर नवे काहीही आणू नका, मग ते कितीही शुद्ध असो. मेकअप करणाऱ्या ताईंकडून फाउंडेशन, प्रायमर आणि पापण्या चिकटवण्याचा डिंक यांची नावे आताच घ्या, जमल्यास थोडा थोडा नमुना डबीत मागून घ्या आणि त्यांचीही कोपरावर परीक्षा करा. लिपस्टिक आणि काजळ स्वतःचे न्या. हळदीसाठी बाजारातली तयार पूड न घेता हळकुंडे आणून दळून घ्या, आणि हळद लागल्यानंतर चमक यावी म्हणून कोणी ब्लीच सुचवलेच, तर नवरीला आता पार्लरला जायला वेळ नाही असे सांगण्याचे काम आईवर सोपवा.